ब्रिगिडचा अग्नी आणि लव्हाळ्याचा क्रूस

आयर्लंडची ब्रिगिड ही मुळात देवी होती, याचा थेट पुरावा तुटपुंजा आहे. इ. स. 900 च्या सुमारास रचलेल्या ‘कॉर्मॅकचा कोश’ या ग्रंथात तिची छोटीशी नोंद सापडते. त्यानुसार ती दाग्दा या देवाची मुलगी आणि कवींची आराध्यदेवता. तिच्या दोन्ही बहिणींचे नावही ब्रिगिडच. त्यांपैकी एकीकडे वैद्यक, दुसरीकडे लोहारकाम. पुढे तिच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे त्याच नावाच्या ख्रिस्ती संत स्त्रीच्या चरित्रांवरून आणि लोकाचारांवरून बांधलेले आहे. त्यामुळे तिचे कोणते प्रतीक किती जुने, हे पारखूनच घ्यावे लागते.

त्या प्रतीकांत सर्वांत वजनदार म्हणजे किल्डेअर येथील संत ब्रिगिडच्या मठातला अग्नी. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडला गेलेल्या वेल्सच्या जेराल्ड या धर्मगुरूने त्याचे वर्णन केले आहे. एकोणीस नन पाळीपाळीने एकेक रात्र अग्नी राखत. विसाव्या रात्री लाकडे ठेवून राखण खुद्द ब्रिगिडवर सोपवली जाई. शतकानुशतके सरपण जळूनही राख साचत नाही, अशी श्रद्धा होती. भोवतालच्या कुंपणाआत पुरुषाला मज्जाव असे, आणि अग्नीवर तोंडाने फुंकर घालायची नाही असाही दंडक होता. यात ख्रिस्तपूर्व पुजारिणींचा वारसा पाहणारे अभ्यासक आहेत. तर्क मोहक आहे. पण जेराल्डला अद्भुताची हौस दांडगी, हे विसरून चालत नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात मठ बंद पडले, तेव्हा हा अग्नीही विझला. 1993 मध्ये किल्डेअरमध्ये ननांनीच तो पुन्हा पेटवला.

लव्हाळ्याचा क्रूस आज सर्वाधिक ओळखीचा, मात्र त्याचे लेखी उल्लेख बरेच उशिराचे, सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. 31 जानेवारीच्या संध्याकाळी, म्हणजे ब्रिगिडच्या सणाच्या आदल्या दिवशी, तो विणतात. लव्हाळे कापायचे नाही, उपटायचे, असा रिवाज. क्रूस दारावर, आढ्याला किंवा गोठ्यात लावला की आगीपासून रक्षण होते असे मानत. गवताने शाकारलेल्या घरांत ही भीती खरीच होती. मरणासन्न सरदाराच्या उशाशी बसून जमिनीवरच्या लव्हाळ्याचा क्रूस विणणाऱ्या संत ब्रिगिडची गोष्ट मागाहून जुळवलेली दिसते.

31 जानेवारीच्या त्याच रात्री कापडाचा तुकडा उघड्यावर ठेवतात. ब्रिगिड जाता जाता त्याला स्पर्श करते, अशी समजूत. डोकेदुखी, बाळंतपण, गाईचे विणे, अशा प्रसंगी तो बाहेर काढला जाई. तिच्या नावाच्या विहिरी देशभर आहेत. तेथे चिंधी पाण्यात भिजवून जवळच्या झाडाला बांधतात. ती कुजत जाते तसतसे दुखणे ओसरते, असे मानले जाते.

आयर्लंडची सरकारी दूरचित्रवाणी 31 डिसेंबर 1961 रोजी सुरू झाली, तेव्हा तिने बोधचिन्ह म्हणून लव्हाळ्याचा हाच क्रूस घेतला. 2023 पासून ब्रिगिडच्या सणानिमित्त फेब्रुवारीच्या आरंभी सार्वजनिक सुटी दिली जाते.