शिष्यत्व, भावनिक आरोग्याचे

ख्रिस्ती शिष्याची आध्यात्मिक वाढ त्याच्या भावनिक परिपक्वतेपासून तोडता येत नाही, असे मानणारी शिक्षणपद्धती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील पाळक पीटर स्कझेरो व त्यांच्या पत्नी जेरी यांनी ती घडवली.

स्कझेरो यांनी १९८७ मध्ये ‘न्यू लाइफ फेलोशिप’ ही मंडळी स्थापन केली. मंडळी वाढली, घराकडे मात्र दुर्लक्ष झाले. १९९६ मध्ये जेरी यांनी पतीचीच मंडळी सोडत असल्याचे त्यांना सांगून टाकले. ही पद्धती उभी राहिली ती या पेचातून.

तिच्यात शिष्य आपल्या घराण्याचा काही पिढ्यांचा आराखडा काढतो. राग, अबोला, कर्तेपणाचे ओझे कुठून आले ते शोधतो. समोरच्याचे बोलणे न तोडता ऐकणे, त्याच्याविषयीची गृहीतके त्यालाच विचारून पडताळणे, यांचाही सराव होतो. विलापाची स्तोत्रे आणि गेथशेमाने बागेतील येशूची व्याकुळता हे शास्त्राधार. शब्बाथाच्या विश्रांतीवरही भर असतो. राबण्यालाच सेवा समजणाऱ्या पाळकांना हाच भाग बहुधा सर्वांत जड जातो.

मंडळीबाहेरच्या जगात मानसशास्त्रज्ञ डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने भावनिक बुद्धिमत्ता ही संकल्पना लोकप्रिय केली. ही पद्धती मांडणारे स्कझेरो यांचे ‘इमोशनली हेल्दी स्पिरिच्युॲलिटी’ हे पुस्तक त्यानंतर, २००६ मध्ये आले.