वाकडे दात सरळ करण्याची विद्या

गोराईच्या खाडीपलीकडे २००९ साली जो विपश्यना पॅगोडा खुला झाला, त्याचा सोनेरी कळस आपल्या अलीकडच्या धक्क्यावरूनही दिसतो. तेथील बुद्धमूर्ती पाहा किंवा जवळच्या कान्हेरीच्या लेण्यांतील पाहा. ओठ मिटलेले असतात. दात शिल्पकाराने कधी दाखविले नाहीत. मात्र दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाची जी बत्तीस लक्षणे सांगितली आहेत, त्यांत दातांचा हिशोब स्पष्ट आहे. दात चाळीस असावेत, ते एका रांगेत समान असावेत, त्यांत फट नसावी आणि सुळे शुभ्र असावेत. तुमच्याआमच्या तोंडात पुरते बत्तीस मावत नाहीत, तेथे चाळीस कसे मावावेत? यादी करणाऱ्याने याचाही विचार केलेला दिसतो. त्याच यादीत त्याने महापुरुषाला सिंहाचा जबडा दिला आहे!

ही केवळ गंमत म्हणून मी सांगत नाही. दातांच्या रांगेचा सारा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. दात किती आणि जागा किती?

आपल्या वैद्यकात या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. रांगेत नसता दात उगवला तर तो काढावा आणि जागा डागावी, असे सुश्रुताने सांगितले. पण जे दात जागच्या जागी हळूहळू वेडेवाकडे होतात, त्या विकाराला ‘कराल’ असे नाव देऊन माधवनिदानाने तो असाध्य ठरविला. त्यापूर्वी काही शतके, ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात, सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने एक साधा उपाय लिहून ठेवला होता. दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात आला, तर दुधाचा काढावा आणि नवा दात जागेवर येईपर्यंत रोज बोटाने ढकलत राहावा. बोट हेच या विद्येचे पहिले हत्यार होय. आपल्याकडील आजीबाई नातवाला हेच सांगत आल्या आहेत. त्यांनी सेल्सस वाचला नव्हता.

आता आजच्या गोराईत या. तेरा वर्षांच्या मुलीचे वरचे दात पुढे आहेत, खालचे एकमेकांवर चढले आहेत. एक दंतवैद्य म्हणतो, चार उपदाढा काढू आणि दोन वर्षे तार लावू. दुसरा म्हणतो, दात काढावयाचा नाही आणि तारही नको, पारदर्शक साचे घालू. आईबापांना वाटते की निवड तार आणि साचा यांच्यात आहे. वस्तुतः त्यांच्या घरात जो वाद आला, तो फार जुना आहे, आणि तारेशी त्याचा संबंध थोडा आहे. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७२८ साली थोरल्या बाजीरावांनी पालखेडला निजामास कोंडले. ही गोराई त्या वेळी फिरंग्यांच्या अमलाखाली होती. त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्येर फोशार या दंतवैद्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. धातूची एक अर्धवर्तुळ पट्टी रांगेला लावावयाची, वाकडे दात तिला दोऱ्यांनी बांधावयाचे आणि हळूहळू तिच्याकडे ओढावयाचे, अशी त्याची युक्ती. त्याला घाई झाली, तर तो चिमट्याने दात एकदम वळवून शेजाऱ्यांना बांधून टाकी. रुग्णाचे काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

घाई का चालत नाही, हे कळावयास १९०४ साल उजाडावे लागले. त्या सुमारास सॅन्डस्टेट या स्वीडिश संशोधकाने कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग केले. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. दाब पडला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूस नवे भरते. दात हाडातून असा चालत जातो. दाब बेताचा असेल तर दात चालतो. फार झाला तर पडद्याचे रक्त तुटते आणि दात अडून बसतो. म्हणून आजचा कोणताही उपाय, मग तो कितीही महाग असो, हाडाच्या या चालीपुढे जाऊ शकत नाही.

या विद्येला शास्त्राचे रूप दिले ते एडवर्ड अँगल या अमेरिकनाने. १८९९ साली त्याने वरच्या पहिल्या मोठ्या दाढेवरून दंतरचनेचे तीन वर्ग पाडले. ते वर्ग आजही दंतवैद्य तोंडपाठ म्हणतात. माणूस मोठा कर्तबगार आणि तितकाच हट्टी. निसर्गाने बत्तीस दात दिले ते बत्तीसही राखले पाहिजेत, रांग रुंद करा, हाड आपोआप येईल, हा त्याचा सिद्धान्त. सुंदर चेहऱ्याचा नियम मिळावा म्हणून तो सेंट लुईसमधील वुर्पेल या चित्रकलेच्या शिक्षकाकडे गेला. वुर्पेलने त्याला सांगितले की असा एकच नियम नाही. चेहरे अनेक, तशी सौंदर्येही अनेक. अँगलने ते ऐकले, पण दात काढण्याविरुद्धचा हट्ट सोडला नाही. १९११ साली कॅल्विन केस याने भर सभेत उलट मत मांडले. काही चेहऱ्यांना बत्तीस दात पेलत नाहीत, ते बळेच बसविले तर ओठ पुढे येतात, असे त्याचे म्हणणे. केसवर अँगलच्या अनुयायांनी तुटून टीका केली आणि पुढे बरीच वर्षे अँगलचाच पक्ष वरचढ राहिला.

यानंतर जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत उमदे प्रकरण वाटते. चार्ल्स ट्वीड हा अँगलचा एकनिष्ठ शिष्य. ॲरिझोनात त्याने काही वर्षे गुरूच्या मार्गाने, एकही दात न काढता, रुग्ण सरळ केले. मग त्याने जुने रुग्ण परत बोलावून तपासले. अनेकांचे दात पुन्हा वाकले होते, अनेकांचे ओठ फुगलेले दिसत होते. तेव्हा त्याने आपल्याच फसलेल्या रुग्णांच्या चार-चार उपदाढा काढून, जादा पैसे न घेता, उपचार पुन्हा केले आणि १९४० साली असे शंभर रुग्ण सहव्यावसायिकांपुढे मांडले. आपलीच चूक मोजून दाखविणारा वैद्य विरळा. गुरू तोवर स्वर्गवासी झाले होते, १९३० सालीच.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँगलचाच दुसरा शिष्य, रेमंड बेग, वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचला. तेथील आदिवासींच्या कवट्या पाहताना त्याला दिसले की भरड अन्नाने त्यांचे दात माथ्यावर तर झिजत, पण दोन दातांच्या मधल्या बाजूंसही झिजत. त्यामुळे रांग आखूड होई आणि मागच्या दाढांना जागा मिळे. आपले अन्न मऊ, दात झिजत नाहीत, जागा होत नाही. मग ती दात काढून करावी लागते. त्याचे हे अनुमान आज जसेच्या तसे कोणी मानीत नाही. पण विल्कॉक या धातुतज्ज्ञाच्या साहाय्याने त्याने केलेली बारीक, चिवट पोलादी तार आणि हलक्या जोराची पद्धत १९५० नंतर जगभर गेली.

ती आपल्याकडेही आली. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू होते. १९६५ साली दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी आपली अखिल भारतीय संस्था काढली, आणि पुढील दोन-तीन दशके भारतातील अनेक दंत महाविद्यालयांत बेगचीच पद्धत शिकविली जाई. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या ज्या मुंबईकरांच्या तोंडात तार होती, त्यांच्यापैकी कित्येकांच्या उपदाढा गेल्या त्या या परंपरेने.

युरोपात मात्र तारेपेक्षा काढता-घालता येणारी पट्टी लोकप्रिय झाली. तिच्यामागे एका मुलीची सुट्टी आहे. आन्द्रेसेन हा डॅनिश दंतवैद्य. मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीला चालली म्हणून त्याने तिची तार काढली आणि दात टिकावेत म्हणून एक सैल साचा दिला. तोंड मिटताच खालचा जबडा पुढे येईल, अशी त्याची घडण होती. मुलगी परतली तो तिचा जबडा सुधारलेला! वाढत्या वयात जबड्याला वळण लावणाऱ्या अनेक साधनांचे मूळ येथे आहे. ज्या मुलाचा खालचा जबडा मागे आहे, त्याला हे साधन वाढीच्या ऐन भरात लाभते. ती वेळ टळली की हा उपाय हातचा जातो, मग पैसा कितीही असो. निवडीत वय किती मोलाचे, हे यावरून दिसेल.

पुढची प्रगती झपाट्याने सांगतो. १९५५ साली ब्युओनोकोर याने दाताला आम्लाने खडबडीत करून त्यावर लेप चिकटविण्याची युक्ती दाखविली. तेव्हापासून प्रत्येक दाताला कडे घालण्याची गरज संपत गेली आणि त्यावर छोटी टिकली डकविता येऊ लागली. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत निघालेला निकेल-टिटॅनियमचा मिश्रधातू १९७० नंतर तारेत आला. मग दातांच्या रंगाच्या सिरॅमिक टिकल्या आल्या. त्या दिसत नाहीत हे खरे, पण ठिसूळ असतात आणि समोरचा दात त्यांवर घासला तर तो झिजतो. दातांच्या आतल्या बाजूस लावावयाच्या टिकल्याही निघाल्या. त्यांनी जिभेला त्रास होतो आणि बोलणे काही दिवस बोबडे होते.

पारदर्शक साचे, ज्यांना आपण अलाइनर म्हणतो, ते नवे वाटतात, पण कल्पना जुनी आहे. दात सरळ मांडलेल्या नमुन्यावर रबराचा साचा करून शेवटची सुधारणा करता येते, हे केस्लिंगने १९४५ साली दाखविले. अशा साच्यांची मालिका केली तर मोठी कामेही होतील, असे भाकीतही त्याने केले. अडचण होती ती प्रत्येक पायरीचा नमुना हाताने करण्याची. ती संगणकाने दूर केली आणि १९९७ साली कॅलिफोर्नियात अलाइन ही कंपनी निघाली. साचा रोज वीस-बावीस तास घालावा लागतो. तो दात कलता करावयास चांगला. मात्र गोल बुंध्याचा सुळा किंवा उपदाढ फिरविणे, दात हाडातून खाली ओढणे, काढलेल्या दाताच्या जागेत मुळासकट सरकविणे, ही कामे त्याला जड जातात. तज्ज्ञाच्या हाती तीही पुष्कळ साधतात. टपालाने आलेल्या साच्याने नव्हे. स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच साचे देणारी अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली, तेव्हा अर्ध्या रांगेचे लोक अर्ध्यावरच राहिले.

आता त्या गोराईच्या मुलीकडे परत येऊ. दोन दंतवैद्यांतील भांडण हे केस आणि अँगल यांचे भांडण आहे. त्यांना विचारावयाचे ते हे: जागा किती मिलिमीटर कमी आहे? ती कोठून आणणार? दात काढून, रांग रुंद करून, दाढा मागे सरकवून, की दोन दातांमध्ये किंचित घासून? उपचारानंतर ओठ कसे दिसतील? जो वैद्य कवटीचा बाजूने घेतलेला एक्स-रे आणि दातांचे नमुने पुढे ठेवून आकड्यांत उत्तर देईल, त्याचे ऐकावे. मग त्याने तार सांगो वा साचा. एका चेहऱ्याला दात काढणे योग्य, दुसऱ्याला तेच विद्रूप करणारे. ‘आम्ही कधीच दात काढत नाही’ असे जाहिरातीत लिहिणारा अँगलचा हट्ट तेवढा घेतो, अँगलचे ज्ञान घेत नाही.

दुसरी गोष्ट येण्याजाण्याची. तारेला महिन्या-दीड महिन्याने भेट लागते. वसाहतीतल्याला हे सोपे. पण खाडीपलीकडच्या गोराई गावातून पावसाळ्यात फेरीबोटीने यावयाचे, किंवा उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने वळसा घालावयाचा, म्हणजे दिवस मोडतो. टिकली निसटली तर मधली फेरी वेगळीच. दोन वर्षांच्या अशा फेऱ्यांचा खर्चही हिशोबात धरावा. शिकवणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयात उपचार स्वस्त पडतो, आणि नायरला जावयास बोरिवलीहून लोकलने मुंबई सेंट्रल गाठले की पुरे. पण तेथे रांग मोठी आणि दिवस ठरलेले. शाळा बुडणार ती धरूनच निर्णय करावा. आणि जो मुलगा डबा शाळेत विसरून येतो, त्याला काढता-घालता येणारा साचा देणे म्हणजे पैसे खाडीत टाकणे होय. तेथे तार बरी, ती तोंडातून निघत नाही. फक्त घासणे चुकले तर टिकलीभोवती पांढरे डाग पडतात आणि तार निघाल्यावर ते तसेच राहतात.

शेवटचा मुद्दा पट्टीचा, आणि त्याविषयी बोलावयास कोणालाच आवडत नाही. सिएटल येथील विद्यापीठात लिटल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ रुग्णांचे दात पट्टी थांबविल्यावर किमान दहा वर्षांनी पुन्हा तपासले. १९८१ साली त्यांनी प्रसिद्ध केले की सुमारे दोन-तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले नव्हते. दात न काढता केलेल्यांची कथाही फारशी वेगळी नाही. म्हणून तार निघाल्यावर रात्री घालावयाची पट्टी किती वर्षे घालावी लागेल, ती मोडली तर नवीन कितीला पडेल आणि दातांच्या आत चिकटविलेली बारीक तार कोण तपासणार, हे पहिल्याच भेटीत विचारून ठरलेल्या रकमेत लिहून घ्यावे.