कंपनीच्या पदरचे शास्त्री : वेतन, बढती आणि अखेर

मोठ्या व्यापारी कंपन्या आपल्या पदरीं पगारी कायदेपंडित बाळगतात, यांत आज कोणास नवल वाटत नाहीं. त्यांस वेतन काय मिळतें, ते कोणत्या पदापर्यंत चढतात, याचा ऊहापोहही सतत चालूं असतो. ईस्ट इंडिया कंपनी ही मुळांत व्यापारी मंडळीच होती, आणि तिनें आपल्या अदालतींसाठीं धर्मशास्त्रज्ञ पंडित व मौलवी पगार देऊन ठेविले होते. इ. स. १७७२ पासून १८६४ पर्यंत, म्हणजे ९२ वर्षें, ही नोकरी चालली. शेवटचीं कांहीं वर्षें धनी बदलून कंपनीच्या जागीं राणीचें सरकार आलें, एवढेंच. प्रस्तुत लेखांत पंडितांपुरताच विचार केला आहे. आमचें प्रतिपाद्य असें कीं, या नोकरीचें भवितव्य पगाराच्या आंकड्यानें ठरलें नाहीं. विद्या माणसाजवळ होती तोंपर्यंत माणूस हवा होता. ती पुस्तकांत उतरतांच माणूस नकोसा झाला.

१७७२ सालीं वॉरन हेस्टिंग्जनें बंगाल्यांतील न्यायव्यवस्थेची योजना केली. वारसा, विवाह, जाति व इतर धर्माचार यांसंबंधीं हिंदूंचे तंटे शास्त्राप्रमाणें तोडावे, असें तींत ठरलें. न्यायासनावर बसणाऱ्या इंग्रजास संस्कृत येत नव्हतें, म्हणून शेजारीं पंडित आला. पुढच्या वर्षीं ११ पंडित कलकत्त्यास जमवून त्यांजकडून ‘विवादार्णवसेतु’ हा निबंध करविला. तो १७७५ त पुरा झाला. त्याचें फारसींत भाषांतर होऊन त्यावरून हॅल्हेडनें इंग्रजी केलें व तें १७७६ त लंडनास छापलें. या ११ जणांस काय मिळालें? हेस्टिंग्जनें १७८४ सालच्या एका पत्रांत स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, काम पुरें होईपर्यंत दर असामीस रोज एक रुपया, याहून अधिक घेण्यास ते राजी झाले नाहींत. आणि पुढेंही त्यांस दुसरें कांहीं पारितोषिक मिळालें नाहीं, ही गोष्ट आपणांस भूषणावह नाहीं. हेंच पत्र विल्किन्सच्या गीतेच्या भाषांतरास जोडलेलें असल्यानें ज्यांच्या संग्रहीं तें पुस्तक आहे त्यांस तें सहज पाहतां येईल.

महिना ३० रुपये हा आंकडा दुसऱ्या एका आंकड्याशेजारीं ठेवून पाहावा. १७७३ च्या पार्लमेंटच्या कायद्यानें कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशास सालीना ८,००० व इतर न्यायाधीशांस प्रत्येकीं ६,००० पौंड नेमून दिले. हे न्यायाधीश राजाचे. वेतन मात्र कंपनीच्या मुलखी वसुलांतून. दोन शिलिंगांस एक रुपया धरिला तर ६,००० पौंड म्हणजे दरमहा ५,००० रुपये होतात. पंडिताच्या दीडशें पटींहून अधिक. त्याच १७७३ सालीं पुण्यास नारायणराव पेशव्यांचा वध झाला व रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस दोषी ठरवून न्यायाधीशपद सोडलें. रामशास्त्री निवाडा देत होते; कलकत्त्याचा पंडित विचारलेल्या प्रश्नास उत्तर देत होता. शास्त्र तेंच, पण आसन वेगळें. वेतनाचें अंतर या आसनभेदांतूनच उत्पन्न झालें, असें आम्हांस वाटतें.

अल्प वेतनापाठोपाठ अविश्वास आला. १७८३ त सुप्रीम कोर्टावर आलेल्या सर विल्यम जोन्सनें संस्कृताचा अभ्यास केला, त्याचें एक कारण त्यानें उघड सांगितलें आहे : पंडितांच्या मर्जीवर अवलंबून राहणें त्यास सोसवत नव्हतें. त्याच्या देखरेखीखालीं त्रिवेणीचे जगन्नाथ तर्कपंचानन यांनीं ‘विवादभंगार्णव’ रचला. जोन्स १७९४ त वारला. भाषांतर कोलब्रुकनें पुरें केलें. येथें एक विसंगति नोंदविली पाहिजे. कॉर्नवॉलिसच्या कारकीर्दींत कलेक्टराचा पगार दरमहा १,५०० रुपये व शिवाय वसुलावर कमिशन असा वाढविला, तो अपुऱ्या पगारामुळें लांच खाण्याकडे प्रवृत्ति होते या तत्त्वावर. हें तत्त्व पंडितास लावलें नाहीं. त्याच्या प्रामाणिकपणाची शंका आली तेव्हां उपाय केला तो पगारवाढीचा नव्हे, ग्रंथरचनेचा.

तथापि नोकरीस मान होता, आणि तिच्याकडे जाणारी वाटही तयार झाली. जोनाथन डंकननें १७९१ त काशीस संस्कृत पाठशाळा काढली. हिंदु धर्मशास्त्राचें रक्षण व्हावें व इंग्रज न्यायाधीशांस जाणते साहाय्यक मिळावे, हे तिचे हेतु. पहिली नेमणूक सालीना १४,००० रुपये, ती लवकरच २०,००० झाली. पुण्यास १८२१ त विश्रामबागवाड्यांत पाठशाळा निघाली, ती दक्षिणेच्या रकमेंतून. बढतीचें उदाहरण मृत्युंजय विद्यालंकारांचें घ्यावें. १८०१ पासून ते फोर्ट विल्यम कॉलेजांत दरमहा २०० रुपयांवर मुख्य पंडित होते. तेथें दुसऱ्या पंडितास १०० व साहाय्यकांस ४० रुपये मिळत. १८१६ त ते सुप्रीम कोर्टाचे पंडित झाले, आणि पुढच्याच वर्षीं सहगमन शास्त्रानें आवश्यक नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला. पंडिताचें शिखर तें हेंच. त्यावरची पायरी न्यायासनाची, आणि ती त्यास बंद होती.

मुंबई इलाख्यांत तोच क्रम दिसतो. एल्फिन्स्टनच्या हुकुमावरून स्टीलनें शास्त्री व जातिप्रमुख यांस विचारून दक्षिणेंतील आचारांचा संग्रह केला, बोरोडेलनें ‘व्यवहारमयूखा’चें इंग्रजी केलें, दोन्ही १८२७ त निघालीं. जिल्ह्याजिल्ह्याच्या अदालतींत शास्त्री प्रश्नांस उत्तरें लिहीत व खालीं मिताक्षरा, मयूख इत्यादि ग्रंथांचे आधार देत. अखेर १८६४ च्या ११ व्या कायद्यानें हीं पदें रद्द झालीं. तीनच वर्षांनीं, १८६७ त, वेस्ट व ब्यूलर यांनीं याच शास्त्र्यांच्या उत्तरांवरून आपल्या हिंदु धर्मशास्त्रसंग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. माणसें घरीं गेलीं, उत्तरें राहिलीं. त्या ग्रंथांत उत्तराखालीं गांव आहे, तारीख आहे, आधारग्रंथ आहे. उत्तर देणाऱ्याचें नांव नाहीं.

शास्त्री परस्परविरुद्ध उत्तरें देत, कित्येक लांचखाऊ होते, असा आक्षेप आहे. आम्हीं सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत घालविलें, तेव्हां आमचा कल कोणीकडे असेल हें वाचकांस सांगावयास नको. सर्वच शास्त्री निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु साक्षीदार न पाहतां, मूळ तंटा न ऐकतां, केवळ न्यायाधीशानें घातलेल्या प्रश्नास उत्तर द्यावयाचें, अशा पद्धतींत प्रश्न बदलला कीं उत्तर बदलणारच. तो दोष पोथीचाही नव्हे व पंडिताचाही नव्हे. विद्येची गरज तर संपली नव्हतीच. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं १८८० त मयूखाचें नवें भाषांतर प्रसिद्ध केलें, तें हायकोर्टांतील वकील म्हणून. शास्त्र्याचा पगार बंद झाला आणि त्याची विद्या इंग्रजी जाणणाऱ्या वकिलाच्या हातीं गेली. आजही पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्यास वकिली करतां येत नाहीं. वेतनाची निश्चिति आणि स्वतःच्या नांवानें उभें राहणें यांची फारकत जुनीच आहे.

असो. संग्राहकांस आमची विनंति एवढीच. ज्यांच्या घराण्यांत कोणी अदालतीचे शास्त्री होऊन गेले असतील त्यांनीं आपलीं दप्तरें पाहावीं. नेमणुकीचा हुकूम, पगाराची पावती, प्रश्नोत्तराची नक्कल, मयूखाच्या पोथीच्या समासांतील टीप, यांपैकीं जें हातीं लागेल तें टाकून देऊं नये. गांव व तारीख जुळवून छापील उत्तरांपैकीं कांहींचे तरी कर्ते ओळखतां येतील. पोथी नकलून देणारा लेखकही शेवटीं आपलें नांव, शक व तिथि घालतो. ज्यांनीं ९२ वर्षें निवाड्यांस आधार पुरविला, त्यांस तेवढें तरी मिळावें.