कोकण रेल्वेची दोन वेळापत्रके

मालवणात रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर मालवणकर एस.टी.ने कुडाळ किंवा कणकवली गाठतो आणि तेथे गाडीत बसतो. पावसाळा तोंडावर आला की मात्र त्याला गाडीची वेळ पुन्हा विचारून घ्यावी लागते. कारण कोकण रेल्वेला वर्षात दोन वेळापत्रके आहेत. पावसाळ्यात त्याच रुळांवरून तीच गाडी मुद्दाम सावकाश चालवली जाते.

असे का, हे वर्गात विचारले तर मुले म्हणतील, "पाऊस असतो म्हणून." उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पाऊस कोकणाला नवा नव्हता. कापलेला डोंगर पावसात कसा वागतो, हे मात्र रेल्वेला वर्षानुवर्षे शिकत जावे लागले. त्या शिकण्याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

आराखडा आधी की अनुभव?

सरकारी कामाची रीत आपल्या परिचयाची आहे. आधी संपूर्ण आराखडा, मग अंदाजपत्रक, मग निविदा, मग काम आणि शेवटी उद्घाटन. पैसा जनतेचा असल्याने हिशेब आधी मांडावा लागतो, हे योग्यच आहे. दोष एवढाच, की आराखड्यातील चूक कळते ती अगदी शेवटी.

संगणकाच्या क्षेत्रात हा दोष फार तीव्रतेने जाणवला. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात 17 संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी 'अजाइल', म्हणजे चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा तयार केला. तिचे सार साधे आहे. लहानसा पण चालणारा भाग आधी तयार करावा, तो वापरणाऱ्यांच्या हाती द्यावा, काय चुकले ते त्यांच्याकडून समजून घ्यावे आणि मग पुढचा भाग करावा. सरकारांना हे पटायला वेळ लागला. 1 ऑक्टोबर 2013 रोजी अमेरिकी सरकारचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ एकदम खुले झाले आणि कोलमडले. पहिल्या दिवशी अवघ्या 6 जणांची नोंदणी पूर्ण झाली. आपल्याकडे 'आधार'साठी आधी ग्रामीण भागात चाचण्या घेण्यात आल्या आणि 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावापासून क्रमांक देण्यास सुरुवात झाली.

कोकण रेल्वे उभी राहत होती तेव्हा 'अजाइल' हा शब्द या अर्थाने रूढ नव्हता. तरीही टप्प्याटप्प्याने शिकण्याचा प्रश्न तिच्यापुढे होताच, आणि तोही अधिक कठीण रूपात.

सात विभाग आणि मऊ माती

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै 1990 मध्ये झाली. रेल्वे मंत्रालयाबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये त्यात भागीदार होती. ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, सुमारे 2000 पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे असे हे काम होते. त्यासाठी महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी असे सात विभाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमण्यात आला. निर्णय घेणारा माणूस कामाच्या जागेजवळ असावा, हा त्यामागचा हेतू.

मार्गही तुकड्यातुकड्याने खुला झाला. 1993 साली दक्षिणेकडे मंगळूर ते उडुपी आणि उत्तरेकडे रोहा ते वीर हे दोन भाग सुरू झाले. कठीण कातळात आयात केलेल्या यंत्रांनी बोगदे भराभर पुढे सरकले. मऊ, पाणी धरणाऱ्या मातीतले नऊ बोगदे मात्र जिवावर बेतले. खणलेला भाग पुन्हा ढासळे आणि काम मागे येई. गोव्याच्या हद्दीतील पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांनाच थांबवून ठेवले. संपूर्ण मार्गाचे उद्घाटन 26 जानेवारी 1998 रोजी झाले.

उद्घाटनानंतरचा धडा

उद्घाटन झाले की काम संपले, अशी आपली समजूत असते. डोंगराच्या दृष्टीने तेव्हा कोठे सुरुवात झालेली असते. रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीला 'कटिंग' म्हणतात. कटिंगमुळे उताराचा आधारच कापला जातो. पावसात माती आणि खडकांच्या फटींत पाणी भरते, ते आतून दाब देते, वजन वाढते आणि कणांना धरून ठेवणारे घर्षण कमी होते. कोणता दगड कोणत्या रात्री सुटेल, हे आराखड्यावरून सांगता येत नाही.

22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीतील खास गाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैभववाडीजवळ रुळांवर कोसळलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच पावसाळ्यात, 16 जून 2004 रोजी, रायगड जिल्ह्यातील करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला दरडीमुळेच अपघात झाला आणि पुन्हा जीव गेले.

या अपघातांनंतर उतारांच्या कामांवर भर वाढला. कटिंगचे उतार कमी तिरके करणे, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवणे, सिमेंटचा थर फवारणे ही कामे वर्षानुवर्षे होत राहिली. कणकवलीसह काही स्थानकांवर स्वयंनोंद पर्जन्यमापके आली, मांडवी आणि झुआरी नद्यांच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसली, तर सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आली. रुळांच्या कडेने साधारण दर किलोमीटरला दूरध्वनी जोडण्याची सोय झाली. त्यामुळे पावसात गस्त घालणाऱ्याला जागेवरूनच स्थानकाशी बोलता येते. मुसळधार पावसात दिसेनासे झाले की चालकाने वेग ताशी 40 किलोमीटरवर आणावा, असा दंडक आहे.

हा 40 चा आकडा विद्यार्थ्यांना सोडवायला द्यावा. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग 100 वरून 40 वर आणला तर ऊर्जा 16 टक्के उरते, आणि तेवढाच ब्रेक लावला तर थांबण्याचे अंतरही साधारण त्याच प्रमाणात घटते.

येथेच संगणक आणि डोंगर यांतला फरक लक्षात येतो. मी संशोधक आहे. प्रयोगशाळेत माझा प्रयोग फसला तर फार तर काचेचे भांडे फुटते. आज्ञावलीतली चूक दुसऱ्या दिवशी मागे घेता येते. वैभववाडीची रात्र मागे घेता आली नाही. म्हणून 'करून पाहू, चुकले तर सुधारू' हे सूत्र सार्वजनिक कामात जसेच्या तसे उचलता येणार नाही. ज्या कामात जीव गुंतलेले आहेत, तेथे पहिले पाऊल सुरक्षिततेकडे टाकावे, मोजमाप करावे आणि खात्री पटेल तशी सवलत द्यावी. पावसाळी वेळापत्रक याच क्रमाने गेले. अनेक वर्षे ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असे असे. 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असे आखडते घेण्यात आले. आधी सावकाशी, मग अनुभवाच्या आधारे थोडी मोकळीक.

शिकणे मात्र संपलेले नाही. ज्या पेडण्याच्या बोगद्याने 1998 पर्यंत वाट पाहायला लावली, त्याच बोगद्यात ऑगस्ट 2020 मध्ये भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै 2024 मध्ये पाणी व चिखल शिरला. दोन्ही वेळा गाड्या दुसऱ्या मार्गांनी वळवाव्या लागल्या.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. तीन ताटांत वाळू घ्यावी: कोरडी, ओलसर आणि पाण्याने भरलेली. तिन्हींचे ढीग करून ताटे हळूहळू तिरपी करावीत आणि कोणती वाळू केव्हा घसरते ते नोंदवावे. थोडे पाणी वाळूला धरून ठेवते, तर जास्त पाणी तिला सोडवते, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग विचारावे: हा उतार आपल्या गावच्या रुळांवर असता, तर त्याच्याकडे रात्री कोणी पाहावे आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकावे?