रक्ताचा साका काय सांगतो?

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला, की आपण प्रथम ठळक छापलेला आकडा शोधतो. 'ईएसआर ४०' दिसला, की घरात कुजबुज सुरू होते : क्षय तर नसेल? हा आकडा खरोखर काय सांगतो, हे समजण्यासाठी या तपासणीचा इतिहास पाहू या.

रक्त गोठू न देता उभ्या नळीत ठेवले, तर तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात व वर पिवळसर रक्तद्रव उरतो. साका बसण्याचा हा वेग सर्वांत सारखा नसतो, तो रक्तद्रवातील फायब्रिनोजेन या प्रथिनाबरोबर वाढतो, असे पोलंडचे डॉक्टर एडमुंड ब्येर्नात्स्की यांनी १८९७ साली दाखवून दिले.

असे का व्हावे? गढूळ पाण्यात तुरटी फिरवून पाहा. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीमुळे हे लोटणे कमी होते, कण एकत्र येतात आणि जड पुंजके झरझर खाली बसतात. तांबड्या पेशींवरही ऋण भार असतो. शरीरात कोठे दाह सुरू झाला, की यकृत जास्त फायब्रिनोजेन बनवते. मग पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात व लवकर तळ गाठतात. वर्गात हा प्रयोग तुरटीच्या पाण्याने सहज करता येईल. रक्ताची गरज नाही.

१९१८ साली स्वीडनमधील रॉबिन फोरेउस यांना गर्भवती स्त्रियांच्या रक्तात हा वेग जास्त आढळला. गर्भधारणा ओळखण्याची खूणच सापडली, असे त्यांना वाटले. पण तोच वेग आजारी पुरुषांच्या रक्तातही दिसला! त्यांचे देशबंधू आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये ही तपासणी फुप्फुसाच्या क्षयासाठी वापरली. ४ भाग रक्तात १ भाग सोडियम सायट्रेटचे द्रावण, २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली नळी आणि बरोबर एका तासाने वाचन, ही त्यांची पद्धत आजही प्रमाण मानतात. क्षयाशी ईएसआरची सांगड आपल्या मनात बसली आहे, तिची मुळे अशी जुनी आहेत.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करीत होते. जंतूंपासून वेगळ्या काढलेल्या 'सी' नावाच्या पदार्थाशी रुग्णांच्या रक्तातील काहीतरी संयोग पावून साका तयार होई. रुग्ण बरा झाला, की हा गुण नाहीसा होई. तेव्हा ही न्यूमोनियाची खूण असावी काय? नाही, दुसऱ्या जंतूंनी आजारी पडलेल्यांतही ती सापडली. हेच सीआरपी, म्हणजे 'सी'शी संयोग पावणारे प्रथिन. तेही यकृतातच तयार होते. निरोगी माणसाच्या रक्तातही ते अत्यल्प प्रमाणात असते, हे पुढे अधिक संवेदनक्षम पद्धती आल्यावर कळले.

गर्भधारणा, क्षय, न्यूमोनिया : संशोधकांच्या समोर दर वेळी एक विशिष्ट अवस्था होती आणि रक्ताचे उत्तर मात्र सर्वसाधारण होते. धूर दिसला, एवढेच ते सांगते. आग कोठे लागली, हे सांगत नाही.

म्हणून अहवाल वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवू या. वय, गर्भारपण आणि रक्तक्षय यांमुळेही ईएसआर वाढतो. दाह ओसरला तरी तो खाली यायला काही आठवडे लागू शकतात. सीआरपी मात्र काही तासांत वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण दूर झाल्यावर झपाट्याने उतरते. म्हणून उपचार लागू पडतो आहे का, हे पाहण्यास ती अधिक सोयीची. एककही अवश्य पाहावे. प्रतिडेसिलिटर ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रतिलिटर ६० मिलिग्रॅम. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकक न पाहता ताडले, तर दहापटीची चूक होते.

आणि क्षयाचे काय? त्याचे निदान थुंकीच्या तपासणीने व छातीच्या एक्स-रेने करतात. ईएसआर वाढला म्हणून क्षय ठरत नाही. तसाच तो सर्वसाधारण आला म्हणून खोकला-ताप अंगावर काढणेही योग्य नाही. डॉक्टर आकड्याबरोबर रुग्णही तपासतात, ते याचसाठी.