मळसूत्र पुसलेली बंदूक

दिवाळीत पोराबाळांच्या टिकल्यांच्या पिस्तुलांचे बार ऐकले की मला घाटकोपर पश्चिमेचे 'रायफल रेंज' आठवते. तेथे आता इमारती आहेत, गर्दी आहे. पण रायफल रेंज आणि गोळीबार रोड ही नावे पत्त्यांत टिकून आहेत. जागा बदलली, नाव राहिले. काही बंदुकांचे असेच झाले. बाहेरून त्या तशाच दिसतात. आतून मात्र त्या वेगळ्याच असतात.

लष्कराची जुनी बंदूक फेरफार करून दुसऱ्या कामाला लावली, तर तिची किंमत काय धरावी आणि तिच्यावर विसंबावे किती? लोक नळी पाहतात, लाकूड पाहतात. मला वाटते, फेरफार कोणी केला आणि कशासाठी केला, हे आधी विचारावे.

१८५३ सालच्या एनफिल्ड रायफलीचेच उदाहरण घ्या. १८५७ च्या उठावात जिच्या काडतुसांचे निमित्त झाले, तीच ही. तिच्या नळीत मळसूत्री खाचा असत. त्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ आणि दूर जाई. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी काय केले? खाचा काढून टाकल्या आणि ०.५७७ इंचांची नळी ०.६५६ इंचांपर्यंत रुंद केली. दिसायला रायफल, कामाला जुनी गुळगुळीत बंदूक! नळी पोखरल्याने तिची भिंतही पातळ झाली, म्हणून १८५९ च्या नमुन्यात नळी जाड करावी लागली. कारागीर काही अडाणी नव्हते. मालकाचा शिपायावर विश्वास नव्हता, आणि तो अविश्वास लोखंडात उतरला होता.

फेरफार नेहमी वाईटच असतो असे मात्र नव्हे. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या युक्तीने १८६६ पासून त्याच एनफिल्डची मागची बाजू कापून बिजागरीचा ठोकळा बसवू लागले. पूर्वी मिनिटाला तीन बार निघत, ते आता दहापर्यंत निघू लागले. जुन्या मालाचे असे सोने झाले. बिचारा स्नायडर मात्र त्याच वर्षी कर्जबाजारी अवस्थेत वारला.

मग आली आपली 'थ्री नॉट थ्री'. दोन महायुद्धांच्या दरम्यान कलकत्त्याजवळच्या इशापूर कारखान्यात तिच्यापैकी कित्येक रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून '४१०' मस्केट बनवल्या गेल्या. काडतुसांच्या पेटीत लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच बार. पहारेकरी आणि पोलीस यांच्यासाठी एवढे पुरे, असा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतरही या मस्केटी अनेक राज्यांच्या पोलिसांच्या खांद्यावर राहिल्या. सरकार आपले झाले. बंदूक मात्र जुन्या सरकारच्याच मनासारखी राहिली.

उलट गैरसमजही आहेत. इशापूरची ७.६२ मिलिमीटरची '२ए' रायफल १९६२ च्या चीन युद्धानंतर निघाली. परदेशातले हौशी लोक तिला बदललेली थ्री नॉट थ्री समजून बिचकतात. वास्तविक ती अधिक कणखर पोलादाची, नव्यानेच घडवलेली. म्हणजे रूपावरून भलाई ठरत नाही, तशी बुराईही ठरत नाही.

पारखण्याची रीत साधी आहे. नळी आतून पाहावी. खटक्यावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक एकच आहे का ते बघावे. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असली, तर ती रायफल हातबाँब उडवण्यासाठी राबली असण्याचा संभव असतो. तिला जपूनच हात लावावा. आणि काडतुसाचे घर कोणी मागाहून कोरले असेल, तर कारागिराने तपासल्याशिवाय बार काढू नये. लोखंडाला वय असतेच, पण दुरुस्ती करणाऱ्याचा हातही मोजावा लागतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेले मारेकरी शिरले, तेव्हा रेल्वे संरक्षण दलाचे जिल्लू यादव सहकाऱ्याची थ्री नॉट थ्री घेऊन त्यांच्यावर धावले. ती बदललेली नव्हती. पण प्रत्येक बारानंतर खटका हाताने ओढावा लागे, आणि समोर तर गोळ्यांचा पाऊस. उपनगरांतून रोज त्या स्टेशनात उतरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ते उभे राहिले.

बंदूक जुनी आहे याची लाज बाळगण्याचे कारण नाही. जुनी वस्तूही प्रामाणिक असते. परंतु एखाद्याला पहाऱ्यावर उभे करायचे आणि त्याच्या हाती मुद्दाम उणे हत्यार द्यायचे, ही १८५८ ची रीत होती. हत्याराची किंमत ठरवताना, ते हाती घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत आपण काय धरली, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.