वर्ग एक, देश तीन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माधवगंज ही आमची वस्ती. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी इथे पडली, छावणीचे शहर झाले आणि शहराला नाव राहिले लष्कर. त्या फौजेच्या मागोमाग कारकून आले, भिक्षुक आले, गवई आले. आमचे घराणे कारकुनांपैकी. पाच पिढ्या झाल्या, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा आमचा रिवाज. घरातली मराठीही निर्भेळ राहिलेली नाही. ‘तो येऊन राहिला आहे’ असे आम्ही सहज म्हणतो, आणि पुण्याचा पाहुणा ओठांत हसू दाबतो.

माझी पत्नी मात्र बेळगाव-शहापूरची. १९७६ साली लग्न होऊन ती माधवगंजात आली तेव्हा तिला मराठी येत होते, कानडी येत होते, हिंदी मात्र सिनेमात ऐकले तेवढेच. या लेखाचा विषय तसा दूरदेशीचा आहे. इंग्लंडमधल्या दूरदर्शन मालिका अमेरिकेने उचलल्या, त्यांत काय ठेवले आणि काय बदलले, हा तो विषय. पण तो माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या माजघरातून, म्हणून ही ओळख आधी करून दिली.

३० डिसेंबर १९७७ रोजी इंग्लंडमध्ये ‘माइंड युवर लँग्वेज’ ही विनोदी मालिका सुरू झाली. लेखक व्हिन्स पॉवेल. संध्याकाळच्या शाळेत परदेशी माणसांना इंग्रजी शिकवणारा जेरेमी ब्राउन नावाचा मास्तर, आणि त्याच्यासमोर बाकांवर जगभरचे विद्यार्थी : इटालियन स्वयंपाकी, एक ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन तरुणी, जपानी, चिनी, एक शीख, एक पाकिस्तानी, आणि वर्गात विणकाम घेऊन बसणारी एक भारतीय गृहिणी. मास्तराने एक विचारावे, विद्यार्थ्यांनी भलतेच समजावे, आणि पडद्याआडून हशा उठावा, असा सगळा मामला. १९७९ साली ही मालिका बंद झाली. परदेशी माणसांची साचेबंद चित्रे काढली जातात, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता.

१९८६ साली अमेरिकेत याच मालिकेवरून ‘व्हॉट अ कंट्री’ निघाली. इथेही मास्तर, इथेही देशोदेशीचे विद्यार्थी. त्यांत एक रशियन टॅक्सीवाला होता. ती भूमिका करणारा याकोव स्मिरनॉफ हा खरोखरच सोव्हिएत संघातून अमेरिकेत आलेला विनोदी नट. पण अमेरिकनांनी एक गोष्ट बदलली. तिथला वर्ग भाषेचा राहिला नाही, नागरिकत्वाच्या परीक्षेचा झाला. लंडनच्या वर्गातला माणूस भाषा शिकला तरी परकाच राहणार होता. अमेरिकेतल्या वर्गातला माणूस परीक्षा उतरला की अमेरिकन होणार होता. बाकांवरची सोंगे साधारण तीच, पण त्यांच्याकडे पाहणारा देश दुसरा होता. ही मालिका फार चालली नाही, एका हंगामातच आटोपली. तरी तो बदल मला मोठा वाटतो.

१९९३ साली आपल्याकडे त्याच कल्पनेवर बेतलेली ‘जबान संभाल के’ आली. पंकज कपूर मास्तर, आणि वर्ग हिंदीचा. बाकावर टॉम ऑल्टरसारखा इंग्रज होता, इतर परदेशी होते, पण त्यांच्या बरोबरीने आपल्याच देशातली माणसे बसवली होती. दाक्षिणात्य होता, आणि विठ्ठल बापूराव पोटे नावाचा एक मराठी माणूस होता. ‘शोले’मधला कालिया म्हणून ज्यांना सगळा देश ओळखत होता ते विजू खोटे हे पोटे झाले होते. गंमत अशी की, त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका मिस दीक्षित झाल्या होत्या शुभा खोटे, म्हणजे विजू खोट्यांची सख्खी बहीण. एकाच घरातली दोन मराठी माणसे. एक टेबलाच्या या बाजूला हिंदी अडखळत बोलणारी, दुसरी त्या बाजूला अस्खलित बोलणारी. ज्याने भूमिका वाटल्या त्याच्या मनात हे आले होते की नाही, ठाऊक नाही. मला मात्र त्यात आमचे सगळे ग्वाल्हेर दिसले.

लंडनमध्ये परका कोण? समुद्रापलीकडून आलेला. अमेरिकेत? जो उद्या आपला होणार आहे तो. आणि आपल्याकडे? जो आपल्याच देशाचा नागरिक आहे, मतदान करतो, कर भरतो, पण हिंदी नीट बोलत नाही, तो. वर्ग एकच, पण प्रत्येक देशाने बाकावर वेगळा माणूस बसवला. दुसऱ्याचा विनोद आपल्या घरी आणायचा तर हसायचे कोणाला, हे आणणाऱ्याला नव्याने ठरवावे लागते. रूपांतराच्या इतिहासात माझ्या मते हीच पाहण्यासारखी जागा आहे.

दुसरी उदाहरणेही हेच सांगतात. ‘स्टेप्टो अँड सन’ ही १९६२ सालची ब्रिटिश मालिका लंडनमधल्या भंगारवाल्या बापलेकांची. १९७२ साली अमेरिकेत तिची ‘सॅनफर्ड अँड सन’ झाली, तेव्हा तेच बापलेक लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातले कृष्णवर्णीय झाले. वॉट्समध्ये १९६५ साली मोठी दंगल झाली होती. लंडनमध्ये जी गोष्ट गरिबीची आणि वर्गाची होती, तिला तिथे वर्णाचा रंग आपोआप चढला. ‘टिल डेथ अस डू पार्ट’मधला आल्फ गार्नेट हा पूर्व लंडनमधला तोंडाळ, परक्यांचा द्वेष करणारा म्हातारा. नॉर्मन लिअर यांनी १९७१ साली त्याचा आर्ची बंकर केला आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात त्याला घर दिले. ‘ऑल इन द फॅमिली’ ही ती मालिका सलग पाच हंगाम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. दोन्ही देशांतल्या लेखकांचा हेतू अशा माणसाला उघडे पाडण्याचा होता. पण दोन्हीकडे अनेक प्रेक्षक त्याला हसण्याऐवजी त्याच्याबरोबर हसले. लेखकाने बाण कोणावर सोडला आणि तो लागला कोणाला, हे नेहमी एकच नसते.

चुकलेला प्रयोगही सांगतो. जॉन क्लीज यांची ‘फॉल्टी टॉवर्स’ १९७५ आणि १९७९ अशा दोन खेपांत आली, भाग अवघे बारा. तिचा सारा जीव बेसिल फॉल्टी या तिरसट हॉटेलवाल्यात. १९८३ साली अमेरिकेत ‘अमांडाज’ नावाने ती झाली, आणि त्यात बेसिलच काढून टाकला, त्याच्या जागी मालकीण आणली. ती काही महिन्यांतच बंद पडली. उलट २००१ सालच्या ‘द ऑफिस’ची अमेरिकन आवृत्ती २००५ साली सुरू झाली तेव्हा पहिला भाग जवळजवळ मूळ संहितेबरहुकूम केला होता. पुढे त्यातला साहेब थोडा हळवा, थोडा प्रेमळ झाला आणि मालिका २०१३ पर्यंत चालली. आपल्याकडे २०१९ साली तेच कार्यालय फरिदाबादला आले.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण हा धंदा आपण दूरदर्शनच्या कितीतरी आधीपासून करीत आलो आहोत. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला तो १८९० साली. ब्रँडन टॉमस यांचे १८९२ सालचे ‘चार्लीज आंट’ अत्र्यांच्या हाती आले आणि त्याची ‘मोरूची मावशी’ झाली. आज कित्येकांना ती मूळची इंग्लंडची हे सांगितले तर खरे वाटत नाही. आणि माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळचे म्हणजे पु. लं. ची १९७५ सालची ‘ती फुलराणी’. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली मुलगी लंडनच्या गल्लीतले इंग्रजी बोलते. ते इंग्रजी मराठीत आणणार कसे? पु. लं. नी ते आणलेच नाही. आपल्याच भाषेत कोणाची बोली अशुद्ध म्हणून हिणवली जाते, ते पाहिले आणि ती भक्ती बर्वे यांच्या तोंडी घातली. बाकावर कोणाला बसवायचे हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. फरक इतकाच की, त्यांनी शेवटी हसणाऱ्या प्रोफेसरालाच प्रेक्षकांसमोर उभे केले.

आता आमच्या माजघराकडे येतो.

पत्नी लग्नानंतर पहिल्यांदा माधवगंजात भाजी आणायला गेली ती हात हलवत परत आली. तिने कांदे-बटाटे मागितले आणि भाजीवालीला ‘प्याज’ आणि ‘आलू’ एवढेच ठाऊक. थोड्या दिवसांनी शेजारच्या बाई तिला आपुलकीने म्हणाल्या, “बहनजी, आप चेष्टा कीजिए, हिंदी आ जाएगी.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे हिला कुठले ठाऊक? ती घरी येऊन रडली. “मी कुणाची चेष्टा केली? त्याच माझी करतात की!” मी तिला अर्थ समजावून सांगितला आणि नंतर मित्रमंडळींत ही गोष्ट रंगवून सांगितली. पुष्कळदा सांगितली.

सतरा वर्षांनी आमच्या घरी ‘जबान संभाल के’ लागू लागली. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी अकरा. दोघांची हिंदी लष्करच्या कोणाही मुलासारखी सफाईदार. पडद्यावर पोटे काहीतरी बोलले आणि मुलगा टाळी वाजवून ओरडला, “आई, ही तर तू!” मुलगी हसली. मी हसलो. तीही हसली, आणि दूध उतू जाते आहे असे म्हणून आत गेली. दूध चुलीवर नव्हते.

त्यानंतर ती मुलांसमोर हिंदी बोलेनाशी झाली. शाळेत पालकांना बोलावले की मला पुढे करी. भाजीला जाई, पण मुलगी बरोबर असली तर पैसे आणि पिशवी तिच्या हाती देऊन आपण दोन पावले मागे राही. हे माझ्या ध्यानात यायला कित्येक महिने लागले, आणि ध्यानात आल्यावरही मी काही बोललो नाही. आमच्याच मराठीला पुण्यात हसतात तेव्हा मला जे वाटते तेच तिला वाटत असणार, हा साधा विचार मला सुचायला हवा होता. ग्वाल्हेरकर म्हणून मी जन्मभर बाकावर बसलो होतो. घरी आलो की मात्र टेबलाच्या पलीकडे जाऊन बसत होतो.

पुढे एका मामेभावाने मूळ इंग्रजी मालिकेच्या कॅसेटी दिल्या. त्या आम्ही दोघांनीच पाहिल्या. तिला इंग्रजी जेमतेम कळत होते, तरी ती लक्ष देऊन पाहत होती. दोन-तीन भाग झाल्यावर ती म्हणाली, “बघा की, मास्तर हसत नाही.” मी नीट पाहिले. खरेच होते. ब्राउन मास्तर कपाळाला हात लावतो, डोळे मिटतो, पुन्हा पहिल्यापासून सांगतो. हशा येतो तो पडद्याआडून. पंकज कपूरचा मास्तरही तसाच. तिन्ही देशांनी वर्ग बदलला, विद्यार्थी बदलले, पण समोरचा माणूस चुकला म्हणून स्वतः हसत न सुटणारा मास्तर निदान मी पाहिलेल्या दोन्हीकडे तसाच ठेवला. एवढ्या वर्षांत हे माझ्या नजरेतून निसटले होते. बाकावर बसलेल्या माणसाला मात्र ते आधी दिसले.

विजू खोटे २०१९ साली गेले. ती बातमी आली तेव्हा हिने आपण होऊन त्या पोटेंची आठवण काढली. “माणूस गुणी होता,” एवढेच म्हणाली. मुलाला तो प्रसंग आठवतही नव्हता. मी त्याला सांगितला तेव्हा तो गप्प झाला आणि त्या रात्री आईजवळ बराच वेळ बसला.

मुलगा आता नोकरीनिमित्त दिल्लीकडे असतो. सून हिंदीभाषक, गुणी मुलगी. नात नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून तिला मराठी शिकायचे खूळ लागले आहे आणि रोज संध्याकाळी ती आजीला फोन लावते. ‘माझा आई’ म्हणते, ‘मी भूक लागली’ म्हणते. आजी पुन्हा पहिल्यापासून सांगते. मी शेजारी पेपर वाचत असतो आणि एखाद्या चुकीला हसू आलेच तर पेपर तोंडासमोर धरतो. परवा तिने आजीला विचारले, “दादी, मैं ठीक से चेष्टा कर रही हूँ ना?”

आजी म्हणाली, “करतेस की बाळ. कर, खूप कर.”